न्याहारी आणि जेवण यांच्यामध्ये

रायपूर शहराच्या मध्यवस्तीत, म्हणजे जयस्तंभ चौक, मालवीय रोड, गोल बाजार या परिसरात, कामाच्या दिवशी खाण्याचा व्यवहार सकाळी लवकर सुरू होतो. पोहे, समोसे आणि जिलेबी यांच्या गाड्यांभोवती माणसे उभ्या उभ्या न्याहारी उरकतात आणि दुकानाच्या किंवा कचेरीच्या वाटेला लागतात. दहाच्या सुमारास ही गर्दी ओसरते. थाळीसाठी लोक येऊ लागतात ते दुपारी. मधल्या दोन-अडीच तासांत लहान उपाहारगृहातील टेबले बहुधा रिकामी असतात. आचारी भाज्या चिरून घेतो, वाढपी भांडी पुसून ठेवतो आणि चालक आदल्या दिवसाचा हिशेब पाहत गल्ल्यावर बसतो.

सुट्टीच्या दिवशी हे वेळापत्रक बिघडते. नेहमीचा नोकरदार सकाळी आठला फिरकत नाही. तो उशिरा उठतो, सावकाश आंघोळ करतो आणि साडेदहाच्या सुमारास कुटुंबासह बाहेर पडतो. त्या वेळी पोह्यांची परात रिकामी झालेली असते आणि थाळीतील वरण अद्याप शेगडीवर असते. ग्राहक आहे, भूक आहे, जागा आहे. पण वाढायला काही नाही. शनिवार-रविवारी या वेळेत न्याहारीपेक्षा भरीव आणि जेवणापेक्षा हलके असे काही द्यावे, असा विचार मोठ्या हॉटेलांप्रमाणे लहान उपाहारगृहांचे चालकही करू लागले आहेत. या खाण्याला शहरांत ‘ब्रंच’ म्हणतात.

हा शब्द इंग्लंडमधला आहे. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे न्याहारी आणि ‘लंच’ म्हणजे दुपारचे जेवण. या दोन शब्दांची टोके जोडून तो तयार झाला. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने 1895 साली ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. रविवारी चर्चमधून परतल्यावर घेतल्या जाणाऱ्या जड जेवणाऐवजी उशिराच्या सकाळी एकच मोकळे, गप्पागोष्टींचे खाणे असावे, अशी त्याची सूचना होती. शनिवारी रात्री जागलेल्यांना त्यामुळे लवकर उठण्याची सक्ती राहणार नाही, हाही त्याचा एक मुद्दा होता. मराठीत या शब्दाला सर्वमान्य प्रतिशब्द नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेलेही नाही.

शब्द परका असला तरी त्या वेळेचे खाणे मात्र आपल्याकडे नवे नाही. महाराष्ट्रातील शेतकरी पहाटे शेतावर जातो आणि सूर्य बराच वर आला की बांधावर बसून न्याहारी करतो. भाकरी, चटणी, कांदा आणि असल्यास ताक, असा तिचा थाट. ही न्याहारी घरून घेऊन येणारी स्त्री तोवर स्वतः पाणी, झाडलोट, दळण-कांडण यांतून गेलेली असते. पोटाला आधार देणारे हे पहिले भरीव खाणे शहरी न्याहारीच्या वेळेनंतर आणि दुपारच्या जेवणाच्या आधी येते.

छत्तीसगडमध्ये याच वेळी ‘बासी’ खाल्ली जाते. हा प्रदेश भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. रात्री शिजवलेला भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, चटणी किंवा एखादी पालेभाजी यांच्या सोबतीने त्या पाण्यासह खायचा, ही बासी. भात शिजल्यानंतर थोड्याच वेळात पाणी घालून खाल्ला तर त्याला ‘बोरे’ म्हणतात. रात्रभरात भात किंचित आंबतो आणि त्याला हलकी आंबट चव येते. उन्हाळ्यात शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या पोटात त्यामुळे अन्नाबरोबर पाणी आणि मीठही जाते. फार काळ हे गरिबाचे अन्न मानले गेले आणि शहरात गेलेली मंडळी त्याचा उल्लेख काहीशा संकोचाने करीत. 1 मे 2022 रोजी, कामगार दिनी, राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी लोकांना बोरे-बासी खाण्याचे जाहीर आवाहन केले आणि अधिकारी-पुढाऱ्यांची बासी खातानाची छायाचित्रे सर्वत्र झळकली. एका दिवसाच्या छायाचित्रांनी गरिबाचे ताट बदलत नाही, हे खरे. परंतु संकोच थोडा कमी झाला असल्यास तेही लहान काम नव्हे.

बांधावरची न्याहारी किंवा बासी आणि उपाहारगृहातील ब्रंच यांची घड्याळातील वेळ एकच आहे. फरक इतकाच की, पहिले खाणे कामाच्या मध्यभागी येते आणि दुसरे काम नसलेल्या दिवशी. काम नसलेला दिवस ही गोष्टही आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही होती. जेवायला अर्धा तास मिळावा यासाठी सभा घ्याव्या लागत होत्या, ही गोष्ट आज नवलाची वाटेल. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत कामगारांची विराट सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. पुढे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी उशिरा उठून सावकाश खाण्याची चैन या लढ्यानंतर किती तरी वर्षांनी आली.

रायपूरच्या बाबतीत याच इतिहासाचे एक अगदी अलीकडचे पान आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी झाली. जुने शहर अपुरे पडू लागल्याने त्याच्या आग्नेयेस सुमारे 20 किलोमीटर अंतरावर नवा रायपूर हे आखीव शहर वसवण्यात आले. 2012 साली मंत्रालय तेथे हलले आणि हजारो कर्मचाऱ्यांचा रोजचा प्रवास सुरू झाला. पुढे 26 जानेवारी 2022 रोजी राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवसांचा आठवडा जाहीर झाला. रुंद रस्त्यांच्या नव्या शहरात कामाच्या दिवशी दुपारी डबे उघडायचे आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह जुन्या शहरातील बाजारपेठेत किंवा तेलीबांधा तलावाच्या काठी यायचे, अशी अनेक घरांची रीत पडली. मध्यवस्तीतील उपाहारगृहचालकाला शनिवारचे महत्त्व वाटू लागते ते यामुळे.

ग्राहक येतो आहे एवढ्यावरून मात्र नवे काम फायद्याचे ठरत नाही. या व्यवसायात उत्साहाने सुरू केलेल्या गोष्टी हिशेब न मांडल्यामुळे बंद पडतात. समजा, एका लहान उपाहारगृहात आठ टेबले आहेत आणि प्रत्येक टेबलाशी चार माणसे बसतात. कामाच्या दिवशी पोह्यांची बशी 40 रुपयांना जाते आणि खाणारा पंधरा मिनिटांत उठतो. म्हणजे एका खुर्चीवर तासाभरात चार माणसे बसून गेली तर 160 रुपये येतात. आता सुट्टीच्या दिवसाचे ताट 150 रुपयांचे ठेवले. ताट मोठे, भाव मोठा. परंतु कुटुंबासह आलेला माणूस तासभर बसतो. गप्पा होतात, मुलाचे दूध सांडते, दुसरा चहा मागवला जातो. त्या खुर्चीवर तासाला 150 रुपयेच येतात. जवळजवळ चौपट भावाचे ताट विकूनही खुर्चीची कमाई वाढत नाही, उलट दहा रुपयांनी घटते. म्हणून ज्या वेळी खुर्च्या एरवी रिकाम्याच राहिल्या असत्या, तेवढ्याच वेळेत असे ताट देणे शहाणपणाचे असते. थाळीची गर्दी सुरू झाली की ते बंद करावे लागते. ‘साडेदहा ते साडेबारा’ असे फळ्यावर ठळक लिहिण्याचे कारण हेच.

दुसरा हिशेब खर्चाचा आहे. जागेचे भाडे महिन्याचे असते. रविवारी नवे ताट विकले म्हणून ते वाढत नाही. वाढतो तो कच्चा माल, इंधन आणि मजुरी. एका ताटाला शिधा 60 रुपयांचा आणि इंधन, पत्रावळ, द्रोण वगैरे मिळून 10 रुपये लागतात असे धरू. 150 रुपयांतून हे 70 वजा जाता 80 रुपये उरतात. या वेळेसाठी तीन जादा माणसांची प्रत्येकी 500 रुपये मजुरी आणि किरकोळ 500 रुपये, असा 2,000 रुपयांचा वेगळा खर्च आहे. 2,000 ला 80 ने भागले की 25 येतात. 25 ताटे गेली तर चालकाच्या पदरचे काही जात नाही. सव्विसाव्या ताटापासून कमाई सुरू होते.

हा भागाकार सोपा आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. जेवढी ताटे विकली तेवढीच रांधली, असे त्यात मानले आहे. प्रत्यक्षात किती माणसे येतील ते सकाळी कोणालाच ठाऊक नसते. चाळीस ताटांची तयारी केली आणि वीसच गेली तर? चाळीस ताटांचे 2,800 आणि वेगळा खर्च 2,000 मिळून 4,800 रुपये गेले. आले फक्त 3,000. उरलेले सर्व टाकून द्यावे लागले तर एका सकाळी 1,800 रुपयांचा फटका बसतो. म्हणून अनुभवी चालक सुरुवातीला कमी रांधतो. ताटे लवकर संपली तर चार ग्राहक हळहळत परत जातात आणि पुढच्या रविवारी वेळेवर येतात. अन्न उरले तर ते परत येत नाही.

किती रांधावे याइतकाच काय रांधावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि येथे छत्तीसगडी स्वयंपाकघर मोठी मदत करते. मराठी वाचकाला त्यातील बरेच पदार्थ ओळखीचे वाटतील. रायपुरात मराठी माणसांची वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला आणि 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूर येथून कारभार पाहू लागले. त्यानंतर निरनिराळ्या निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. शहरातील तात्यापारा या भागाचे नावच पुरेसे बोलके आहे. या घरांत दोन्हीकडचे पदार्थ शेजारी शेजारी नांदत आले. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. अइरसा पाहिला की अनारसा आठवतो. खुरमी ही गव्हाचे पीठ आणि गूळ यांची, शंकरपाळ्याच्या जातीची. ठेठरी बेसनाची, कडबोळ्यासारखी खुसखुशीत. चौसेला म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी. पोळ्याला छत्तीसगडमध्ये ‘पोरा’ म्हणतात आणि तीजा-पोराच्या सणाला घरोघर ठेठरी-खुरमी होतेच. सोबतीला टोमॅटोची चटणी असते. टोमॅटोला येथे ‘पताल’ म्हणतात, हे ठाऊक नसलेला पाहुणा पहिल्यांदा पतालची चटणी मागवताना थोडा बिचकतो.

ताटात काय असावे हे ठरवताना मात्र चवीबरोबर शेगडीचाही विचार करावा लागतो. चीला गरमच खायचा असतो. तो आधी करून ठेवला की चिवट होतो. एका चील्याला तव्यावर सुमारे तीन मिनिटे लागतात असे धरले, तर एका तव्यावर तासाला वीस चीले होतात. प्रत्येकाला दोन द्यायचे ठरवले तर तासाला दहाच माणसे जेवतील. पावणेअकराला बारा माणसे एकदम आली की चोवीस चीले लागतात. एकाच तव्यावर शेवटच्या माणसाला 72 मिनिटे, तर दोन तव्यांवर 36 मिनिटे वाट पाहावी लागेल. भुकेल्या मुलाला घेऊन बसलेल्या आईला छत्तीस मिनिटे फार आहेत.

फऱ्याचे तसे नाही. शिजलेला भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळायचे, बोटांएवढे लांबट वळे करायचे आणि चाळणीत ठेवून वाफवायचे. एका वाफेत पन्नास-साठ फरे सहज होतात. ग्राहक आला की तेलात तीळ, मोहरी, मिरची यांची फोडणी करून त्यात ते परतले की बशी तयार. ठेठरी आणि खुरमी तर आधीच्या आठवड्यात करून डब्यात भरून ठेवता येतात. म्हणून जाणता आचारी तव्यावरचा एक, वाफेवरचा एक आणि डब्यातला एक, अशी ताटाची मांडणी करतो. ग्राहक बसताच डब्यातले पुढे येते, ते चघळेपर्यंत फरा परतला जातो आणि तोवर चील्याची पाळी येते. पाककृतीच्या पुस्तकात ही युक्ती सहसा सापडत नाही, कारण तेथे पदार्थ एकेकटे असतात. उपाहारगृहात ते रांगेत उभे असतात.

तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. डाळ शनिवारी रात्री भिजते, चटणीचा मसाला भाजून ठेवला जातो, पत्रावळी मोजल्या जातात. स्वच्छतेच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात. पहिली भाताची. शिजलेला भात कोमट स्थितीत तासन् तास उघडा पडला तर त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात. तो पुन्हा गरम केल्यानेही त्यांचे विष जातेच असे नाही. म्हणून फऱ्यासाठी भात शिजवला की लगेच वापरावा किंवा झटपट थंड करून शीतकपाटात ठेवावा. दुसरी तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक घटक साठत जातात. अशा घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरण्यास 1 जुलै 2018 पासून देशभर मनाई आहे. तेल काळपट दिसू लागले, फेसाळले किंवा लवकर धुरावले की ते बदलायला हवे. अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्यानुसार गाडीवाल्यालाही नोंदणी करावी लागते, तशी ती या उपाहारगृहालाही लागते.

आतापर्यंतचे उदाहरण समजुतीसाठी घेतलेले होते. घरगुती छत्तीसगडी पदार्थ शहराच्या मध्यभागी विकून व्यवसाय उभा राहू शकतो का, या प्रश्नाचे खरेखुरे उत्तर मात्र रायपुरातच आहे. महंत घासीदास स्मारक संग्रहालय ही येथील जुनी संस्था. राजनांदगावचे संस्थानिक महंत घासीदास यांनी 1875 मध्ये ती स्थापन केली. तिच्या नव्या इमारतीचे उद्घाटन 1953 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या संग्रहालयाच्या आवारात 2016 साली ‘गढ कलेवा’ नावाचे उपाहारगृह सुरू करण्यात आले. कलेवा म्हणजे सकाळची न्याहारी, फराळ. ते चालवण्याचे काम महिलांच्या एका स्वयंसहायता गटाकडे सोपवले गेले. बसण्याची जागा, भिंतींवरची चित्रे, भांडी यांतही गावाकडची रीत जपण्यात आली.

या उपक्रमाचे महत्त्व पदार्थांच्या यादीपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. चीला, फरा, ठेठरी या गोष्टी येथील प्रत्येक घरात होत असत आणि म्हणूनच बाजारात त्यांना किंमत नव्हती. जे आई रोज करते ते पैसे देऊन कोण खाणार, असा समज होता. हॉटेलात जायचे ते घरी न मिळणारे खायला, मग ते डोसा असो वा छोले-भटुरे. शहर वाढले, घरे लहान झाली, दोघेही नोकरीला जाऊ लागले, दळून-भिजवून करायचे पदार्थ मागे पडले. तेव्हा तेच पदार्थ घरी न मिळणारे ठरले. गावातून आलेल्या, फारसे शालेय शिक्षण न झालेल्या स्त्रीच्या हातात असलेले कसब अशा वेळी अचानक बाजाराचे होते. पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांतही याच नावाने उपाहारगृहे सुरू झाली.

मुंबईत हाच प्रवास फार आधी घडला आहे. गिरणगावात एकटे राहणारे कामगार खानावळीत जेवत. अनेक खानावळी म्हणजे स्वतंत्र हॉटेले नव्हती. एखादी स्त्री आपल्या खोलीतच पाच-पंधरा कामगारांचे जेवण रांधत असे. किराणा उधारीवर, व्याज जबर, आणि कामगाराचा पगार झाल्यावर तिला पैसे. संप झाला की तिचीही चूल अडचणीत येई. अशा स्त्रियांना एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खानावळवालीच्या पाककौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. तिच्याजवळ नव्हते ते स्वतःचे भांडवल आणि स्वतःच्या नावाचे बँकेचे खाते. रायपुरातील किंवा कोठल्याही शहरातील महिला गट सुट्टीच्या दिवसाचे नवे काम हाती घेतो तेव्हाही मिळकत कोणाच्या खात्यात जमा होते, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न रविवारचाच आहे. ज्या दिवशी इतरांनी सावकाश उठायचे, त्या दिवशी आचाऱ्याला पहाटे उठावे लागते. वाढप करणाऱ्या स्त्रीच्या मुलाला शाळेची सुट्टी एकाच दिवशी असते आणि नेमक्या त्याच दिवशी आई घरी नसते. घरोघरच्या गृहिणींसाठीही रविवार बहुधा अधिक कामाचा असतो. सर्वजण घरी, फर्माइशी निराळ्या, पाहुणे वेगळे. कुटुंब बाहेर खायला गेले की त्या गृहिणीची एक सकाळ हलकी होते, पण ती दुसऱ्या एका स्त्रीच्या श्रमांवर. यात गैर काही नाही, मात्र त्या दुसऱ्या स्त्रीला सोमवारी किंवा मंगळवारी भरपगारी सुट्टी मिळायला हवी. काही ठिकाणी कामाचे दिवस पाळीपाळीने वाटून घेतात. एका गटाने शनिवार घ्यावा, दुसऱ्याने रविवार. दहा जणींच्या गटाला हे जमते. नवरा-बायकोंनी मिळून चालवलेल्या चार टेबलांच्या उपाहारगृहाला ते कठीण जाते, आणि अशांनी केवळ शेजारच्याने सुरू केले म्हणून या फंदात पडू नये.

म्हणूनच हे काम कायमचे म्हणून सुरू करण्याऐवजी आधी चार आठवडे, म्हणजे आठ दिवस, करून पाहावे असे जाणकार सांगतात. नवी भांडी, नवा फलक, छापील भावपत्रक यांवर त्या काळात खर्च करू नये. खडूने लिहिलेला फळा पुरतो. वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: किती ताटे रांधली, किती गेली, ग्राहक किती वाजता आले आणि ताटात काय उरले. शेवटची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. पण उष्टी काढणाऱ्या बाईला ती तोंडपाठ असते. चटणी संपते आणि दुसरा चीला अर्धा राहतो, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तिला विचारले तर ताटात दोनाऐवजी दीड नव्हे, एकच मोठा चीला ठेवता येतो, तव्यावरची रांग निम्मी होते आणि 60 रुपयांचा शिधा 50 वर येतो.

पावसाळ्यातील रविवार आणि उन्हाळ्यातील रविवार सारखे नसतात, याचीही नोंद आठ दिवसांत होत नाही. मे महिन्यात रायपुरात सकाळी अकरालाच उन्हाचा चटका असह्य होऊ लागतो आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. तेव्हा काही चालक गरम तवा बंद ठेवतात, फळ्यावरचे चील्याचे नाव पुसतात आणि त्या जागी, पाहुणे खातील की नाही अशा शंकेनेच, बोरे-बासी लिहितात.